रस्त्याच्या कडेचे मोल : वाहनतळ-शुल्काचा हेतू आणि त्याची मर्यादा

‘शुल्क’ आणि ‘कर’ हे दोन शब्द नित्याच्या व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. आणि ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला त्यांतील भेद जाणून घेण्याचे फारसे कारणही पडत नाही. तथापि सार्वजनिक संस्थेने आकारलेली एखादी रक्कम या दोहोंपैकी कोणत्या नावास पात्र आहे, यावर तिची वैधता कित्येकदा अवलंबून असते. इंग्लंडमधील स्थानिक परिषदा रस्त्याच्या कडेला वाहन उभे करण्याबद्दल जी रक्कम घेतात, तिच्या इतिहासात याचे एक बोधप्रद उदाहरण सापडते. २०११ साली उत्तर लंडनमधील बार्नेट परिषदेने रहिवाशांच्या वाहन-परवान्याची वार्षिक रक्कम ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेली. दोन वर्षांनी उच्च न्यायालयाने ही वाढ अवैध ठरविली. १०० पौंड ही रक्कम अवाजवी आहे, या कारणास्तव हा निर्णय झाला नाही. ज्या हेतूने ती ठरविली गेली तो हेतू कायद्याच्या कक्षेत बसत नाही, हे त्याचे कारण होते. तीच रक्कम निराळ्या हेतूने, निराळ्या विचारांती ठरविली गेली असती, तर कदाचित ती टिकली असती.

एकाच आकड्याला एका हेतूमुळे वैधता यावी आणि दुसऱ्या हेतूमुळे ती जावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. मनातील हेतूने रस्त्यावरच्या वस्तुस्थितीत काय फरक पडणार, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु वाहनतळ-शुल्क मागणीचे नियमन नेमके कशा रीतीने करते हे समजून घेतले, म्हणजे हा भेद निव्वळ वकिली काथ्याकूट नसून त्याला अर्थशास्त्राचा भक्कम आधार आहे, हे ध्यानात येते. मागणीच्या नियमनासाठी ठरविलेला दर आणि उत्पन्नासाठी ठरविलेला दर हे स्वभावतःच दोन वेगळे दर होत. हा भेद स्पष्ट करणे हाच प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

१. मीटरचा उगम

वाहन उभे करण्याबद्दल पैसे घेण्याची कल्पना उत्पन्नाच्या लोभातून निघाली, असा एक सार्वत्रिक समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. नाणे टाकून चालणारे पहिले मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात बसविण्यात आले. त्यामागील कल्पना कार्ल मॅगी या वृत्तपत्र-संपादकाची. त्या शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेत एक विचित्र अडचण उद्भवली होती. दुकानांतून व कचेऱ्यांतून काम करणारी माणसे सकाळीच येऊन रस्त्याच्या कडेच्या सर्व जागा अडवीत आणि त्यांची वाहने संध्याकाळपर्यंत तेथून हालत नसत. परिणामी ज्या गिऱ्हाइकांवर बाजारपेठ जगत होती त्यांनाच दुकानासमोर थांबण्यास जागा उरत नसे. वेळेची मर्यादा घालून आणि खडूच्या खुणा करून पोलिसांनी हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला होता. पण त्यास यश आले नव्हते. मीटरचा दर तासाला पाच सेंट इतका अल्प ठेवण्यात आला. तेवढ्याने दिवसभर वाहन उभे करणारा मनुष्य आपली जागा अन्यत्र शोधू लागला आणि बाजारातील जागा फिरत्या राहू लागल्या.

इंग्लंडमध्ये या यंत्रास बरेच उशिरा स्थान मिळाले. १९५६ च्या वाहतूकविषयक कायद्याने त्यास मार्ग मोकळा करून दिला आणि १० जुलै १९५८ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर विभागात, मेफेअरच्या संपन्न वस्तीत, देशातील पहिली मीटरे सुरू झाली. दर ताशी सहा पेन्स होता. सार्वजनिक रस्ता हा सर्वांचा असताना त्यावर उभे राहण्याचे भाडे कसले, हा प्रश्न तेव्हा तेथे विचारला गेला, तसा तो नवे मीटर बसेल तेथे आजही विचारला जातो. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. रस्ता सर्वांचा आहे हे खरेच. पण तो सर्वांचा आहे तो जाण्यायेण्यासाठी. एकाने तो अडवून ठेवला की तेवढ्या वेळापुरता तो इतर कोणाचाच राहत नाही. सार्वजनिक मालकी आणि सार्वजनिक उपयोग यांची येथे फारकत होते. ती फारकत कमी करण्याचे एक साधन म्हणून शुल्काकडे पाहावयाचे असते.

२. जागेचे गणित

रस्त्याची कडा ही मोजून मापून असलेली वस्तू आहे. एका मोटारीस साधारणतः साडेपाच ते सहा मीटर लांबीची जागा लागते. ११० ते १२० मीटरांच्या एका बाजूवर वीस मोटारी उभ्या राहू शकतात असे धरू. दिवसाचे दहा तास या जागांना मागणी असून प्रत्येक मोटार सरासरी पाच तास थांबत असेल, तर त्या दिवशी केवळ ४० वाहनांची सोय होते. तीच सरासरी एका तासावर आली, तर २०० वाहनांची सोय होते. रस्त्याची लांबी एक वीतभरही वाढलेली नाही. तरी उपयोग मात्र पाचपट झाला. नवा वाहनतळ बांधण्यास लागणारी जमीन व पैसा विचारात घेतला, म्हणजे या पाचपटीचे महत्त्व कळून येते.

दुसरे गणित याहून सूक्ष्म आहे. जागा भरलेल्या असण्याचे प्रमाण आणि जागा शोधण्याचा त्रास ही दोन्ही एकाच गतीने वाढत नाहीत. प्रत्येक जागा इतरांपासून स्वतंत्रपणे भरलेली अथवा रिकामी आहे असे गृहीत धरले, तर अर्ध्या जागा भरलेल्या असताना येणाऱ्या चालकास सरासरी दुसऱ्याच जागेवर थांबता येते. शंभरातील ८५ भरलेल्या असताना त्यास सुमारे सात जागा पाहाव्या लागतात. ९५ भरलेल्या असताना वीस, आणि ९९ भरलेल्या असताना शंभर. अर्थात ८५ वरून ९९ पर्यंतच्या शेवटच्या चौदा जागा भरण्याची किंमत म्हणून शोधाचा खटाटोप जवळजवळ पंधरापट होतो. जागा पूर्णपणे भरलेला रस्ता वरकरणी काटकसरीचा नमुना वाटतो. वस्तुतः तो अपव्ययाचा नमुना होय; कारण त्याची भरपाई भोवतालच्या रस्त्यांवरून घिरट्या घालणारी वाहने करीत असतात.

या घिरट्यांचा हिशोबही उद्बोधक आहे. वरील उदाहरणातील २०० वाहनांपैकी प्रत्येकाने जागा शोधण्यात तीन मिनिटे घालविली आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी १५ किलोमीटर असला, तर प्रत्येक वाहन पाऊण किलोमीटर निष्कारण धावते. दिवसाचे १५० किलोमीटर झाले. वर्षातील ३०० दिवसांचे ४५,००० किलोमीटर होतात. म्हणजे पृथ्वीच्या परिघाहून अधिक अंतर, आणि तेही एकाच रस्त्याच्या एकाच बाजूपायी. या प्रवासात कोणी कोठेही पोचत नाही. इंधन जळते, हवा दूषित होते, आणि ज्यांना खरोखरच कोठे तरी पोचावयाचे आहे त्यांच्या बससुद्धा खोळंबून राहतात. उदाहरण कल्पित आहे. परंतु त्यातील कोणताही आकडा ताणलेला नाही.

३. दराची कसोटी

यावरून वाहनतळ-शुल्काचा योग्य दर कोणता, या प्रश्नाचे उत्तर मिळते. ज्या दराने प्रत्येक बाजूवर एखाद-दुसरी जागा बहुधा रिकामी राहील असा सर्वांत कमी दर, तो योग्य दर. हा विचार बीजरूपाने विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडला होता. जागांची मागणी जशी बदलेल तसा मीटरचा दरही बदलावा, अशी त्याची सूचना होती. त्या काळच्या यंत्रांना ते साधण्यासारखे नव्हते. व्हिक्री यास पुढे १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या विचाराचा विस्तार कॅलिफोर्नियातील डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्‌ग्रंथात केला आणि शंभरात सुमारे ८५ जागा भरलेल्या असाव्यात, हे प्रमाण त्याच्यामुळे नगररचनाकारांत रूढ झाले.

या कसोटीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात उत्पन्नाचा उल्लेखच नाही. दर चुकला की बरोबर ठरला, हे तिजोरी पाहून सांगता येत नाही. त्यासाठी रस्त्यावर जाऊन रिकाम्या जागा मोजाव्या लागतात. येथेच दोन हेतूंची वाट फुटते. एक उदाहरण घेऊ. वीस जागांच्या त्याच बाजूवर ताशी एक पौंड दर असता सर्व जागा भरलेल्या असतात आणि बाहेर आणखी वाहने घिरट्या घालीत असतात. दर दोन पौंड केला असता सतरा जागा भरतात. दर चार पौंड केला असता बारा भरतात. तासाचे उत्पन्न पहिल्या दराने २० पौंड, दुसऱ्याने ३४ आणि तिसऱ्याने ४८ पौंड होते. मागणीच्या नियमनाची दृष्टी असणारा अधिकारी दोन पौंडांवर थांबेल. कारण तेथे तीन जागा मोकळ्या राहून रस्त्याचे काम भागले. उत्पन्नाची दृष्टी असणारा अधिकारी चार पौंडांकडे जाईल, आणि बाजारपेठेतील आठ जागा दिवसभर ओस पडल्या तरी त्याचा हिशोब त्यास बरोबरच वाटेल. वाहन उभे करण्याची मागणी दरवाढीच्या मानाने कमी प्रमाणात घटते, असा सर्वसाधारण अनुभव असल्याने उत्पन्नाचा मोह योग्य दराच्या बराच पुढे नेऊन सोडतो. हेतूतील भेद असा आकड्यातील भेदात उतरतो.

व्यवहारात या दोन दृष्टी ओळखण्याची एक साधी खूण आहे. मागणीच्या नियमनासाठी ठरविलेला दर खालीही येऊ शकतो. उत्पन्नासाठी ठरविलेला दर सहसा वरच चढतो. सॅन फ्रान्सिस्को शहरात २०११ ते २०१३ या काळात झालेल्या प्रयोगाने याची प्रचीती आली. तेथे शहरातील काही विभागांत दर बाजूनिहाय आणि वेळेनिहाय बदलण्यात आले. शंभरात ८० पेक्षा अधिक जागा भरलेल्या आढळल्या तर ताशी दर २५ सेंटने वाढवावयाचा. ६० ते ८० भरलेल्या असल्यास तो तसाच ठेवावयाचा. ३० ते ६० असल्यास २५ सेंटने आणि त्याहून कमी असल्यास ५० सेंटने उतरवावयाचा, असा नियम होता. हे बदल काही आठवड्यांच्या अंतराने होत. काही रस्त्यांवर दर चढले. शेजारच्याच काहींवर ते उतरले. प्रयोगाच्या अखेरीस मीटरांचा सरासरी ताशी दर २ डॉलर ६९ सेंटवरून २ डॉलर ५८ सेंटवर आलेला होता. दरवाढीचे निमित्त म्हणून ज्याची संभावना झाली असती त्या योजनेचा सरासरी दर कमी झाला, ही गोष्ट लक्षणीय होय. पूर्वीचा सरसकट दर कोठे अपुरा आणि कोठे अवास्तव होता, एवढाच याचा अर्थ.

येथे आणखी एका कसोटीचा विचार करणे आवश्यक आहे. भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात, वाहनतळ-शुल्क हे व्यापलेल्या जमिनीच्या खऱ्या मूल्याचे निदर्शक असावे, असा विचार मांडलेला आहे. फुकट जागेच्या सवयीस आळा घालण्याच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे. परंतु जमिनीचे मूल्य आणि जागेची मागणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जमिनीचे मूल्य रात्री दोन वाजता आणि सकाळी अकरा वाजता एकच असते; मागणी मात्र त्या दोन वेळी एक नसते. खर्चाची वसुली, जमिनीचे मूल्य आणि मागणीचे नियमन या तीन कसोट्यांतून तीन निरनिराळे दर निघू शकतात, आणि तिन्हींना व्यवहारात ‘शुल्क’ हेच एक नाव पडते. नावाचे हे ऐक्य विचाराच्या गोंधळास कारणीभूत होते.

४. इंग्लंडच्या कायद्यातील भूमिका

इंग्लंडमधील स्थानिक परिषदांचा या विषयातील अधिकार मुख्यतः १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यातून येतो. रस्त्यावर वाहनांसाठी जागा राखून त्यांबद्दल रक्कम आकारण्याची मुभा कलम ४५ देते. कोणत्या जागा राखावयाच्या हे ठरविताना वाहतूक मोकळी राहण्याची आवश्यकता, लगतच्या घरांत व दुकानांत ये-जा करता येण्याची आवश्यकता आणि रस्त्याबाहेरील वाहनतळांची उपलब्धता यांचा विचार करण्यास ते कलम सांगते. कलम १२२ अधिक व्यापक आहे. वाहने व पादचारी यांची ये-जा त्वरित, सोयीस्कर व सुरक्षित व्हावी, आणि वाहने उभी करण्यास योग्य व पुरेशी सोय असावी, अशा रीतीने परिषदेने आपले अधिकार वापरावेत, असे कर्तव्य ते घालून देते. कलम ५५ जमाखर्चाविषयी आहे. या खात्यात शिल्लक उरल्यास ती रस्त्याबाहेरील वाहनतळ, सार्वजनिक वाहतूक, रस्त्यांची सुधारणा अशा नेमून दिलेल्या कामांसाठीच खर्च करता येते.

या कलमांच्या रचनेतून एक प्रश्न साहजिकच निर्माण होतो. शिल्लक कशी खर्च करावी हे कायदाच सांगतो, त्या अर्थी शिल्लक राहील असा दर ठरविण्यास त्याची संमती आहे, असे म्हणता येईल काय? शब्दार्थावर भर देणारा वाचक ‘होय’ म्हणेल. न्यायालयांनी मात्र संदर्भावर भर दिला. १९९५ साली कॅम्डेन परिषदेविरुद्धच्या प्रकरणात न्यायमूर्ती मॅकुलॉ यांनी हा कायदा महसूल उभारणीचा कायदा नव्हे, अशी भूमिका घेतली. शिल्लक राहिल्यास तिची व्यवस्था सांगणे वेगळे आणि शिल्लक राहावी यासाठी अधिकार देणे वेगळे. घरात उरलेल्या अन्नाचे काय करावे याचा नियम घालून देणारी गृहिणी अन्न उरावे म्हणून रोज दुप्पट स्वयंपाक करण्याची अनुज्ञा देत नसते.

पुढील दोन प्रकरणांतून या भूमिकेची दोन टोके दिसून येतात. वेस्टमिन्स्टर परिषदेने २००८ पासून मोटारसायकलींसाठी राखलेल्या जागांवर शुल्क बसविले. मोटारसायकलस्वारांनी त्यास आव्हान दिले. हा केवळ पैसा मिळविण्याचा मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१० साली उच्च न्यायालयाने आणि २०११ साली अपील न्यायालयाने परिषदेची बाजू उचलून धरली. जागांची मागणी पुरवठ्याहून अधिक झालेली होती. तिचे नियमन करणे हा परिषदेचा खरा हेतू होता. शुल्कातून शिल्लक राहील याची परिषदेस पूर्वकल्पना होती, एवढ्यावरून ते अवैध ठरत नाही, असा निष्कर्ष निघाला. परिणाम ठाऊक असणे म्हणजे तोच हेतू असणे नव्हे. पावसात बाहेर पडणाऱ्यास आपण भिजणार हे ठाऊक असते. परंतु भिजण्यासाठी तो बाहेर पडलेला असतो असे नाही.

बार्नेटच्या प्रकरणात स्थिती उलट होती. परवान्यांच्या रकमेबरोबर पाहुण्यांच्या वाहनांसाठी लागणाऱ्या व्हाउचरांची किंमतही एका पौंडावरून चार पौंडांवर नेण्यात आली होती. या वाढीमागे परिषदेची आर्थिक गरज होती. वाहतुकीशी संबंधित इतर खर्च, जो एरवी सर्वसाधारण निधीतून भागवावा लागला असता, तो या शिलकीतून भागवावा असा विचार होता. एका रहिवाशाने या निर्णयास आव्हान दिले आणि २२ जुलै २०१३ रोजी न्यायमूर्ती लँग यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. रहिवाशांकडून जादा उत्पन्न मिळवून ते वाहतुकीच्या इतर खर्चाकडे वळविण्यासाठी १९८४ च्या कायद्यातील अधिकार वापरता येत नाहीत, असे त्यांनी ठरविले. खर्चाची कामे स्वतः चांगली होती, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो, त्या कामांचा भार कोणी आणि कोणत्या अधिकारान्वये उचलावा, याविषयी.

येथे अर्थशास्त्र आणि कायदा यांची गाठ पडते. वार्षिक परवान्याची रक्कम एकदा भरली की त्यानंतर रहिवाशाने आपली मोटार दारासमोर एक तास उभी केली काय किंवा महिनाभर उभी केली काय, त्याला पडणारा खर्च तोच राहतो. म्हणून अशी रक्कम तासातासाच्या मागणीचे नियमन फारसे करू शकत नाही. फार तर दुसरी किंवा तिसरी मोटार बाळगण्याच्या विचारावर ती परिणाम करील. तीच रक्कम अडीचपट करताना, ‘त्यामुळे रस्त्यावर काय बदल व्हावयाचा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर परिषदेजवळ असावयास हवे होते. वेस्टमिन्स्टरजवळ अशा प्रश्नाचे उत्तर होते. बार्नेटच्या हिशोबात रस्त्यापेक्षा अंदाजपत्रकच अधिक होते.

५. भारतीय विधिविचारातील समांतर भेद

शुल्क आणि कर यांतील भेद भारतीय वाचकास अपरिचित नाही. शिरूर मठाच्या प्रकरणात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे जे विवेचन केले ते पुढील कित्येक निर्णयांस आधारभूत ठरले. कर हा सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतलेला पैसा; तो देणाऱ्यास त्याच्या मोबदल्यात काही विशिष्ट लाभ मिळालाच पाहिजे असे नाही. शुल्काच्या मुळाशी मात्र देणे आणि घेणे यांचा काही एक संबंध असतो. त्या प्रकरणात धार्मिक संस्थांवर बसविलेले मद्रास राज्याचे अंशदान शुल्काच्या या व्याख्येत बसत नसल्याने ते कर ठरले, आणि तसा कर बसविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळास नसल्याने ते रद्द झाले. त्याच वर्षी मुंबई राज्यातील सार्वजनिक न्यासांवरील अंशदानाचा प्रश्न आला असता मात्र ते शुल्क म्हणून टिकले. नावे दोन्हीकडे सारखी, स्वरूप भिन्न.

वाहनतळ-शुल्क या दोन कप्प्यांत सहजासहजी बसत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. ते निव्वळ सेवेचा मोबदला नव्हे. कारण मागणी वाढली की सेवेचा खर्च न वाढताही त्याचा दर वाढू शकतो. ते करही नव्हे. कारण त्याचे यश तिजोरीतील भरतीने मोजावयाचे नसते. नियमन हेच ज्याचे प्रयोजन, असा हा तिसरा प्रकार आहे. देणाऱ्यास त्याच्या मोबदल्यात जे मिळते ते म्हणजे केवळ जागा नव्हे, तर जागा सापडण्याची शाश्वती होय. फुकट पण भरलेल्या रस्त्यावर ही शाश्वती कोणालाच मिळत नाही.

६. काही आक्षेप

या पद्धतीवरील आक्षेपांत सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. किमतीने जागा वाटल्या की धनवान थांबतो आणि निर्धन हुसकला जातो, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु त्याचा विचार संपूर्ण समाज डोळ्यांपुढे ठेवून झाला पाहिजे. २०२१ च्या जनगणनेनुसार लंडनमधील दर पाच कुटुंबांपैकी सुमारे दोन कुटुंबांकडे मोटारच नव्हती. फुकट जागेचा लाभ त्यांना मुळीच मिळत नाही. गर्दीत अडकलेल्या बसचा त्रास मात्र पुरेपूर मिळतो. शिवाय फुकट जागेचे वाटपही निष्पक्ष नसते. ज्याला सकाळी लवकर येऊन दिवसभर जागा अडविता येते त्याला ती मिळते. आजाऱ्याला दवाखान्यात घेऊन दुपारी येणाऱ्यास मिळत नाही. पैशाची रांग क्रूर असते हे खरे; पण वेळेची रांगही दयाळू नसते. ज्यांची गरज किमतीच्या भाषेत मांडता येत नाही त्यांच्यासाठी दर कमी ठेवण्यापेक्षा स्वतंत्र सवलत देणे अधिक सरळ होय. १९७० च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये अपंगांसाठी सुरू झालेली आणि पुढे निळ्या बिल्ल्याच्या रूपाने रूढ झालेली योजना हे त्याचे उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप दुकानदारांचा. शुल्कामुळे गिऱ्हाईक दुरावेल, अशी त्यांस भीती वाटते. दर जर मागणीच्या कसोटीने ठरला असेल तर ती भीती बहुतांशी निराधार ठरते. कारण जागा ओस पडू लागल्या तर त्या कसोटीनेच दर उतरावयास हवा. परंतु दर उत्पन्नाच्या कसोटीने ठरला असेल तर मात्र दुकानदाराची भीती खरी असते. म्हणजे त्याच्या आक्षेपास उत्तर देण्यासाठीही प्रथम हेतू स्पष्ट असावा लागतो.

तिसरा आक्षेप असा की, एका रस्त्यावर शुल्क बसविले की वाहने शेजारच्या रस्त्यावर जातात. हे घडते, म्हणूनच शुल्काची आखणी सुट्या रस्त्याची न करता विभागाची करावी लागते. त्याच कारणास्तव रस्त्यावरील दर आणि रस्त्याबाहेरील वाहनतळांतील दर यांचा मेळ घालावा लागतो. रस्त्यावरील जागा अधिक सोयीची असूनही तिचा दर वाहनतळाहून कमी असेल, तर रिकाम्या वाहनतळासमोरून मोटारी घिरट्या घालीत राहतील. शहाणा चालक तेथे वेड्यासारखा वागतो याचे कारण दरपत्रकात असते.

७. ठरावातील शब्द

हेतूला इतके महत्त्व दिल्यावर तो ओळखावा कसा, हा प्रश्न उरतो. संस्थेला मन नसते. तिचा हेतू तिच्या टिपणांतून, अहवालांतून आणि ठरावांतून वाचावा लागतो. या दृष्टीने दरवाढीच्या ठरावात प्रथम काय लिहिले आहे हे निर्णायक ठरते. अमुक रस्त्यावर अमुक वेळी इतक्या जागा भरलेल्या आढळल्या. इतक्या मोकळ्या राहाव्यात अशी अपेक्षा आहे. त्यासाठी दर इतका करून इतक्या महिन्यांनी पुन्हा मोजणी करावी, आणि जागा अपेक्षेहून अधिक मोकळ्या आढळल्यास दर कमी करावा, असा ठराव असेल तर त्यातील हेतू शोधत बसावे लागत नाही. याउलट ठरावाचा प्रारंभ अंदाजपत्रकातील तुटीने होत असेल आणि वाहतुकीचा उल्लेख अखेरीस शोभेपुरता आला असेल, तर तो उल्लेख कितीही सफाईदार असला तरी न्यायालयास आणि नागरिकास त्यामागील गोष्ट वाचता येते.

स्थानिक परिषदेस पैसा लागतो, हे उघड आहे. आणि तो मिळविण्यासाठी कर बसविण्याचा राजमार्गही तिला मोकळा आहे. त्या मार्गावर प्रतिनिधींना मतदारांस सामोरे जावे लागते आणि भार सर्वांवर वाटून द्यावा लागतो. शुल्काच्या आडवाटेने कर वसूल केला की हे दोन्ही टळते, आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. लोकांचा शुल्कावरील विश्वास उडतो. मग पुढे एखाद्या रस्त्यावर खरोखरच नियमनाची गरज पडली आणि परिषदेने प्रामाणिकपणे दर सुचविला, तरी नागरिक त्यात तिजोरीचाच हात पाहतो. बार्नेटमधील निकालाने संरक्षण दिले ते रहिवाशांच्या साठ पौंडांना, तितकेच ‘शुल्क’ या शब्दाच्या अर्थालाही. तो अर्थ टिकून राहिला तरच रस्त्याच्या कडेची ती एक-दोन मोकळी जागा, जिच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तिच्याबद्दल पैसे मागण्याचा नैतिक अधिकार परिषदेजवळ शिल्लक राहतो.